देवीचा विषाणू

तंजावूर शहरालगत पुन्नैनल्लूर नावाचे गाव आहे. तेथील मारिअम्मनच्या मंदिराशी तंजावूरच्या मराठी राजघराण्याचे नाव जोडले गेले आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांना स्वप्नात दृष्टान्त झाला, त्यांनी पुन्नै वृक्षांच्या रानातून ही देवी शोधून काढली आणि तिचे मंदिर बांधले, अशी आख्यायिका आहे. पुढे पहिल्या तुळजा राजांच्या कन्येची आजारात गेलेली दृष्टी याच मंदिरात परत आली, असेही सांगतात. आख्यायिकेतील खरेखोटे निवडत बसण्याचे कारण नाही. त्या काळच्या माणसाला कशाचे भय वाटत होते, हे मात्र तिच्यातून स्पष्ट दिसते.

ते भय एका रोगाचे होते. तमिळ लोक त्याला 'अम्मै' म्हणत. हा शब्द आईचा वाचक आहे. मराठी माणूस त्याला 'देवी' म्हणे. कावेरीच्या काठी नांदणाऱ्या या दोन्ही भाषांनी एकाच रोगाला आदराचे नाव द्यावे, हा योगायोग नव्हे. ज्याच्यापुढे काहीच चालत नाही, त्याचे नाव सांभाळूनच घ्यावे लागते. घरात देवी आल्या म्हणजे दारावर कडुनिंबाचे डहाळे लावीत, बाहेरच्यांचे येणेजाणे थांबवीत आणि रोग्याला थंडाव्यात ठेवीत. यांतील येणेजाणे थांबविण्याची रीत, तिच्यामागील समजूत काहीही असो, आजच्या वैद्यकाच्या दृष्टीनेही योग्यच होती.

रोगाचा क्रम सर्वांना ठाऊक होता. प्रथम सपाटून ताप चढे, कंबर व डोके दुखे. तीन-चार दिवसांनी तोंडात, चेहऱ्यावर आणि हातापायांवर पुरळ उठे. पुरळाचे फोड होत, फोडांत पू भरे आणि सुमारे तीन आठवड्यांनी खपल्या गळून पडत. दर दहा रोग्यांपैकी साधारण तीन दगावत. जे वाचत त्यांच्या चेहऱ्यावर व्रण राहत आणि कित्येकांचे डोळे जात. पण एक गोष्ट निश्चित होती. ज्याला एकदा देवी येऊन गेल्या, त्याला त्या पुन्हा येत नसत.

सन १७९८ मध्ये सरफोजी राजे दुसरे तंजावूरच्या गादीवर बसले. पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार इंग्रजांच्या कंपनीकडे गेला आणि राजांची सत्ता किल्ल्यापुरती उरली. राज्य गेले, पण विद्येची हौस गेली नाही. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी देशोदेशीचे ग्रंथ आणविले, त्यांत युरोपातील वैद्यकाचे ग्रंथही होते. धन्वंतरी महाल नावाच्या संस्थेत आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि इंग्रजी अशा चारही पद्धतींचे वैद्य एकत्र आणले. डोळ्यांच्या रोग्यांची तर रंगीत चित्रांसह टिपणे ठेविली गेली, आणि ती आजही ग्रंथालयात जपलेली आहेत. रोग्याला नुसते औषध न देता त्याच्या आजाराची नोंद ठेवावी, ही दृष्टी त्या काळी भारतात विरळाच होती.

तरीही देवीचे कारण काय, हे धन्वंतरी महालातील कोणत्याही वैद्याला सांगता आले नसते. यात त्यांना कमीपणा नाही, कारण लंडन किंवा पॅरिस येथील वैद्यालाही ते सांगता येत नव्हते. सरफोजी राजांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १८३२ नंतरही, साठ वर्षे ते कोणालाच ठाऊक नव्हते. विशेष हे, की कारण ठाऊक नसतानाच उपाय मात्र हाती आला होता. इंग्लंडमधील डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली गाईच्या आचळांवर येणाऱ्या फोडांचा संसर्ग झालेल्या एका गवळणीच्या हातावरील फोडांतील लस एका आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात टोचली. गाईंच्या या सौम्य रोगाला मराठीत गोस्तन देवी म्हणतात. पुढे त्याच मुलाला खऱ्या देवीची लस टोचून पाहिली, तेव्हा त्याला देवी आल्या नाहीत. आज असा प्रयोग कोणी करू धजणार नाही आणि कोणी करू देणारही नाही.

हा उपाय भारतात आणताना जी अडचण आली, तिच्यातच विषाणूचे सारे मर्म दडलेले आहे. लस पातळ द्रवाच्या रूपात असे. ती दोऱ्यात किंवा कापसात भिजवून, काचेच्या तुकड्यांत धरून, मेणाने बंद करून पाठवीत. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला कित्येक महिने लागत. तोवर लसीत काही तेज उरत नसे. म्हणून व्हिएन्नाहून ती खुष्कीच्या मार्गाने कॉन्स्टँटिनोपल, बगदाद आणि बसरा असा प्रवास करीत पुढे नेण्यात आली आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबईस पोचली. मुंबईत काही मुलांना ती टोचली, पण लागू पडली एकाच मुलीला. अ‍ॅना डस्टहॉल हे तिचे नाव, वय तीन वर्षे, आणि तारीख १४ जून १८०२. तिच्या दंडावर आलेल्या फोडातील द्रव घेऊन तो दुसऱ्या मुलांना टोचला, त्यांच्या दंडावरून आणखी मुलांना. अशा रीतीने दंडावरून दंडावर चालत ही लस पुणे, हैदराबाद, मद्रास अशा दूरच्या ठिकाणी पोचली.

सुमारे आठ दिवसांनी फोड पिकला, की त्यातील द्रव नव्या मुलाच्या दंडात घालावयाचा. एक आठवडा नवे मूल मिळाले नाही, तर साखळी तुटली. मग लस पुन्हा दुसऱ्या गावाहून आणावयाची. दक्षिणेतील उन्हाळ्यात काचेत ठेवलेली लस थोड्याच दिवसांत निकामी होई, पण मुलाच्या दंडात मात्र ती ताजी राही, इतकेच नव्हे तर वाढे. एका थेंबाचे अनेक थेंब होत. मीठ, साखर किंवा विष यांच्याबाबतीत असे कधी घडत नाही. जी वस्तू बाहेर ठेवली असता मरते आणि शरीरात गेली असता वाढते, ती कोणत्या जातीची असावी?

या प्रश्नाचे उत्तर देवीवरून नव्हे, तर तंबाखूच्या पानांवरून मिळाले. तंबाखूच्या पानांवर ठिपके पाडणारा एक रोग आहे. रशियन शास्त्रज्ञ दिमित्री इव्हानोव्हस्की यांनी १८९२ साली रोगट पानांचा रस चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. या गाळणीतून जीवाणू पार होऊ शकत नाहीत. गाळलेला रस निरोगी पानाला लावला, तरी रोग झालाच. म्हणजे रोगाचे कारण जीवाणूहूनही लहान होते. डच शास्त्रज्ञ मार्टिनुस बायरिंक यांनी १८९८ साली हाच प्रयोग पुढे नेला आणि त्या अज्ञात वस्तूला 'व्हायरस' हे नाव दिले. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ विष. मराठीतील 'विषाणू' या शब्दातही विष आहेच. मात्र हे विष स्वतःच्या प्रती काढते, आणि हाच त्याच्यातील व इतर विषांतील मोठा भेद आहे.

विषाणू डोळ्यांना दिसला तो १९३० नंतरच्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तयार झाल्यावर. एक मिलीमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. देवीचा विषाणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांबीचा असतो, आणि विषाणूंमध्ये तो चांगलाच धिप्पाड समजला जातो. सहा मिलीमीटर लांबीचा तांदळाचा एक दाणा घेतला, तर त्यावर देवीचे वीस हजार विषाणू एका ओळीत बसतील. पोलिओचा विषाणू केवळ ३० नॅनोमीटरचा. त्याचे दोन लाख लागतील.

इतक्या लहान वस्तूत असते तरी काय? सरस्वती महालात मोडी लिपीतील जुने मराठी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. विषाणूची रचना अशा रुमालासारखी आहे. आत मजकूर, बाहेर त्याला जपणारे वेष्टन. मजकूर केंद्रकाम्लाच्या रूपात असतो. काही विषाणूंत तो डीएनए असतो, काहींत आरएनए. आपला स्वतःचा विषाणू कसा तयार करावा, याच्या सूचना या मजकुरात असतात. पोलिओच्या विषाणूचा मजकूर सुमारे साडेसात हजार अक्षरांचा आहे, एड्सच्या विषाणूचा दहा हजारांहून किंचित कमी, कोविडच्या विषाणूचा सुमारे तीस हजार आणि देवीच्या विषाणूचा जवळजवळ एक लाख शहाऐंशी हजार. माणसाच्या पेशीतील मजकूर तीन अब्ज अक्षरांचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे विषाणू किती थोडक्यात आपले काम भागवितो ते कळते.

मजकुराभोवतीचे वेष्टन प्रथिनांचे असते. पोलिओच्या विषाणूत ते वीस पृष्ठांच्या, एकसारख्या बाजूंच्या डबीसारखे असते. देवीचा विषाणू विटेच्या आकाराचा, आणि त्याच्या आतील गाभा मधोमध दबलेला असतो. इन्फ्लुएंझा, एड्स, कोविड यांच्या विषाणूंवर प्रथिनांच्या वेष्टनाबाहेर आणखी एक स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. हे आवरण ते ज्या पेशीतून बाहेर पडतात तिच्याकडूनच घेतात. साबणाने हात धुण्याचा उपाय परिणामकारक ठरतो तो यामुळेच, कारण साबण स्निग्ध आवरण विरघळवितो आणि आवरण गेले की विषाणू निकामी होतो. पोलिओच्या विषाणूला असे आवरण नाही. म्हणून तो पोटातील आम्लातून सुखरूप पार पडतो, विष्ठेवाटे बाहेर पडून सांडपाण्यात टिकतो आणि दूषित पाण्यातून पुन्हा तोंडात जातो.

विषाणूजवळ काय आहे यापेक्षा काय नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. त्याला अन्न पचविता येत नाही. त्याला श्वास नाही, हालचाल नाही. प्रथिने तयार करण्याची यंत्रणा प्रत्येक जिवंत पेशीत असते, ती त्याच्याजवळ नाही. रुमालात बांधलेला कागद शंभर वर्षे ठेवला तरी त्याची दुसरी प्रत आपोआप होत नाही. त्यासाठी वाचणारा आणि लिहिणारा कारकून हवा, शाई हवी, कागद हवा. विषाणूला हे सारे जिवंत पेशीत मिळते. विषाणूला सजीव म्हणावे की निर्जीव, हा वाद शास्त्रज्ञांत अजून मिटलेला नाही. पेशीच्या बाहेर तो निव्वळ एक कण असतो. पेशीत शिरला, की त्याच्यात सजीवाचे लक्षण दिसू लागते.

पेशीत शिरणे हे सोपे काम नव्हे. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर अनेक प्रकारची प्रथिने असतात. विषाणूच्या बाहेरील प्रथिन त्यांपैकी एखाद्याशी नेमके जुळावे लागते, जशी किल्ली कुलपाशी जुळते. काविळीचा विषाणू यकृतावर हल्ला करतो, पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतील विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे जातो, एड्सचा विषाणू रक्तातील ठरावीक पांढऱ्या पेशी गाठतो. ज्याची त्याची किल्ली ज्या त्या कुलपाची. भाताच्या पिकाला तुडतुड्यांमुळे होणारा टुंग्रो हा रोगही विषाणूचाच. तंजावूरचा शेतकरी त्या रोगट भाताच्या चिखलात दिवसभर उभा राहिला, तरी त्याला स्वतःला काही होत नाही, कारण त्या विषाणूची किल्ली माणसाच्या पेशीला लागत नाही.

किल्ली लागली म्हणजे विषाणू किंवा त्याचा मजकूर पेशीच्या आत जातो. वेष्टन सुटते. मग पेशीची यंत्रणा तो परका मजकूर आपलाच समजून वाचू लागते. त्याबरहुकूम प्रथिने तयार होतात, मजकुराच्या प्रती निघतात आणि प्रतींवर वेष्टने चढून नवे विषाणू बनतात. डीएनए असलेले बहुतेक विषाणू यासाठी पेशीच्या केंद्रकात जातात. देवीचा विषाणू जात नाही. मजकूर वाचण्यास आरंभ करण्याची साधने तो आपल्याबरोबरच आणतो आणि केंद्रकाबाहेरच आपला कारखाना थाटतो. एड्सच्या विषाणूची तऱ्हा याहून वेगळी. तो आपला आरएनए मजकूर डीएनएमध्ये उतरवून घेतो आणि पेशीच्या मूळ मजकुरातच तो घुसडून देतो. वहीत मध्येच दुसऱ्याच हस्ताक्षरातील पान शिवून टाकावे, तसे हे आहे. ते पान पुढे काढता येत नाही, आणि म्हणून एड्सचे औषध आयुष्यभर घ्यावे लागते.

नवे विषाणू तयार झाले, की ते पेशी फोडून किंवा तिच्या कडेतून निसटून बाहेर पडतात आणि शेजारच्या पेशींना गाठतात. काही तासांत एका पेशीतून शेकडो, कधी हजारो विषाणू निघतात.

नकला करताना चुका होतात, हे जुने कागद चाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. विषाणूंच्या बाबतीतही तेच घडते. इन्फ्लुएंझा आणि एड्स यांच्या विषाणूंच्या प्रती फार निष्काळजीपणे निघतात आणि चुका दुरुस्त करणारे कोणी नसते. बहुतेक चुका विषाणूलाच घातक ठरतात. पण क्वचित एखाद्या चुकीमुळे त्याचे बाह्य रूप असे पालटते, की शरीराला तो ओळखता येत नाही. म्हणून इन्फ्लुएंझाची लस वारंवार बदलावी लागते. देवीच्या विषाणूच्या प्रती त्यामानाने काटेकोर निघत. शंभर वर्षांपूर्वीची लस शंभर वर्षांनंतरही उपयोगी पडावी, ही सोय त्यामुळे झाली.

आता रोग कसा होतो ते पाहू. देवीचा विषाणू रोग्याच्या खोकल्यातून व बोलण्यातून उडणाऱ्या तुषारांवाटे दुसऱ्याच्या नाकातोंडात शिरे. पहिले बारा दिवस, कधी थोडे कमी, कधी अधिक, काहीच जाणवत नसे. माणूस शेतात जाई, बाजारहाट करी. त्या अवधीत विषाणू जवळच्या लसिका ग्रंथींत वाढत असे आणि रक्तावाटे शरीरभर पसरत असे. मग एकाएकी ताप येई. हा ताप विषाणू थेट आणत नाही, शरीरच तो आणते. परका शिरकाव झाला आहे हे ओळखून रोगप्रतिकारक पेशी जी रसायने सोडतात, त्यांमुळे ताप, अंगदुखी आणि ग्लानी येते. म्हणजे रोगाचा बराच भाग हा शरीराने चालविलेल्या लढाईचाच धुरळा असतो. त्यानंतर विषाणू त्वचेच्या पेशींत पोचून त्या नष्ट करू लागे आणि फोड उठत. डोळ्याच्या बुबुळाला इजा झाली, तर दृष्टी जाई.

इतर विषाणूंच्या तऱ्हा निरनिराळ्या आहेत. डेंग्यूच्या विषाणूने रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात आणि रक्तातील द्रव बाहेर झिरपतो. ताप उतरला म्हणून रोगी व घरचे निर्धास्त होतात, आणि नेमका तोच काळ धोक्याचा असतो. हा विषाणू पसरविणारा एडिस डास घरातील स्वच्छ साठविलेल्या पाण्यात वाढतो. नाल्यावर तेल टाकून आणि पिण्याच्या पाण्याचे पिंप उघडे ठेवून त्याचा बंदोबस्त होत नाही. गोवराचा विषाणू रोगप्रतिकारशक्ती काही काळ दुबळी करतो, त्यामुळे गोवर बरा झाल्यावरही मूल न्यूमोनियाने दगावू शकते.

एड्सचा विषाणू तर ज्या पांढऱ्या पेशी शरीराच्या संरक्षणाची सूत्रे हलवितात त्यांनाच मारतो. भारतात तो प्रथम आढळला १९८६ साली, तमिळनाडूतच. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी डॉक्टर निर्मला सेल्लप्पन यांनी रक्ताचे नमुने गोळा केले आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात ते तपासले गेले. सुनीती सॉलोमन या मूळच्या गायतोंडे, मद्रासमध्ये कातड्याचा व्यापार करणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबातील. आपल्या देशात हा रोग येणारच नाही, असे त्या वेळी पुष्कळजण मानत असत. नमुन्यांनी तो भ्रम दूर केला. पुढे या रोगाच्या रुग्णांना दवाखान्यातही दारात उभे करण्यास लोक कचरत होते, त्या काळात सुनीतीबाईंनी त्यांच्यासाठीच १९९३ साली स्वतंत्र संस्था उभी केली. त्या २०१५ साली निवर्तल्या. दोन वर्षांनी त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

विषाणूजन्य रोगांवर प्रतिजैविके का चालत नाहीत, याचे उत्तर वरील विवेचनात आलेच आहे. प्रतिजैविक औषधे जीवाणूची भिंत किंवा त्याची स्वतःची यंत्रणा मोडतात. विषाणूला भिंत नाही आणि यंत्रणा आपलीच वापरलेली. ती मोडावी तर आपलीच पेशी मरते. साध्या सर्दीपडशाला दुकानातून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या आणून घेणारा माणूस म्हणूनच पैसेही घालवितो आणि पोटातील निरुपद्रवी जीवाणूही मारतो. विषाणूविरोधी औषधे आहेत, पण मोजकी. विषाणूने स्वतः आणलेले एखादे साधन हेरून ती नेमके तेवढेच बंद पाडतात.

मुख्य संरक्षण शरीराचेच. विषाणूच्या बाह्य प्रथिनांना चिकटून त्यांना निकामी करणारी प्रतिपिंडे रक्तात तयार होतात. काही पांढऱ्या पेशी विषाणू शिरलेल्या पेशी शोधून मारतात. लढाई संपल्यावर थोड्या पेशी त्या शत्रूची ओळख जतन करून ठेवतात. पुन्हा तोच विषाणू आला, की बारा दिवस वाट पाहावी लागत नाही. देवी एकदाच येतात, या जुन्या अनुभवाचा अर्थ हा. गाईचा विषाणू आणि देवीचा विषाणू हे एकाच कुळातील असून त्यांची बाह्य प्रथिने बरीचशी सारखी आहेत. त्यामुळे सौम्य भावंडाशी झालेल्या ओळखीवर शरीर क्रूर भावंडालाही ओळखते. जेन्नर यांना यांतले काही ठाऊक नव्हते. त्यांनी गवळणींच्या बोलण्याकडे लक्ष दिले होते.

मुंबईहून निघालेली ती साखळी एका दंडावरून दुसऱ्या दंडावर का चालवावी लागली, हेही आता उलगडते. लस म्हणजे जिवंत विषाणू होता आणि जिवंत पेशीवाचून तो टिकत नव्हता. या पद्धतीचे दोष मोठे होते. एका मुलाच्या रक्तातील दुसरा रोग लसीबरोबर पुढच्या मुलात जाऊ शकत असे. शिवाय कोणत्या जातीच्या मुलाच्या दंडातील द्रव आपल्या मुलाच्या दंडात जाणार, या विचाराने अनेक आईबाप मागे सरत. साखळीसाठी आणलेली मुले बहुधा गरिबांची असत, आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वासरांच्या कातडीवर लस वाढविण्याची पद्धत रूढ झाली. मद्रासजवळ गिंडी येथे १८९९ साली स्थापन झालेल्या किंग संस्थेत अशी लस तयार होई. उन्हात लस मरण्याची अडचण मात्र कायम होती. ती १९५०च्या दशकात दूर झाली. गोठवून वाळविलेली लस उष्ण प्रदेशातही महिनोन्‌महिने टिकू लागली.

त्यानंतर देवीचा रोग जगातूनच घालविण्याचा विचार शक्य झाला. तो शक्य होण्याचे कारण विषाणूच्या दुबळेपणातच होते. देवीचा विषाणू माणसावाचून दुसऱ्या कोणत्याही प्राण्यात राहत नसे. तो रोग्याच्या शरीरात लपून राहत नसे. रोगी बरा होई किंवा मरे, दोहोंपैकी काहीही झाले तरी तीन-चार आठवड्यांत विषाणूला नवे माणूस हवे असे. शिवाय रोग चेहऱ्यावर उमटत असल्यामुळे रोगी ओळखण्यास प्रयोगशाळा लागत नव्हती. भारतात १९७४ साली बिहारमध्ये देवीची भयंकर साथ आली. त्या वेळी आरोग्यसेवक घरोघर फिरले. देवी आलेल्या मुलाचे चित्र दाखवून, असा रोगी कोठे पाहिला आहे काय, असे विचारीत. रोगी सापडला, की त्याला वेगळे ठेवीत आणि त्याच्या सभोवतालच्या सर्वांना दोन टोकांच्या सुईने लस टोचीत. अशा रीतीने विषाणूला पुढचे माणूसच मिळू दिले नाही. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही. १९७७ साली सोमालियात जगातील शेवटचा नैसर्गिक रोगी आढळला. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये एका प्रयोगशाळेच्या इमारतीत काम करणाऱ्या स्त्रीला देवी आल्या आणि तिचा मृत्यू झाला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने हा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर केले. अमेरिका आणि रशिया यांच्या प्रत्येकी एका प्रयोगशाळेत हा विषाणू आजही गोठवून ठेवलेला आहे. तो नष्ट करावा की ठेवावा, यावर देशांचे एकमत झालेले नाही.

पुन्नैनल्लूरच्या मंदिरात आजही गर्दी असते. 'अम्मै' हा शब्दही तमिळ घरांत चालू आहे, पण आता तो कांजिण्या आणि गोवर यांसाठी वापरला जातो. कांजिण्यांवर लस निघाली आहे. तथापि देवीप्रमाणे हा रोग मुळापासून घालविणे कठीण आहे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो पाठीच्या कण्यालगतच्या मज्जागंडांत स्वस्थ पडून राहतो. चाळीस-पन्नास वर्षांनी, शरीराची प्रतिकारशक्ती उतरणीला लागल्यावर, तो एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो आणि छातीवर किंवा कमरेवर पट्ट्यासारखे फोड उठतात. मराठीत त्याला नागीण म्हणतात. त्या फोडांतील विषाणूमुळे घरातील लहान मुलाला कांजिण्या होऊ शकतात, आणि त्या मुलाच्या मज्जागंडांत तो पुन्हा पुढील पन्नास वर्षांसाठी मुक्काम करतो.